सिपनाकाठची हजेरी

मेळघाटात रात्री जंगल फिरता येत नाही. व्याघ्र प्रकल्पाचा तसा नियम आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून घुबडं ऐकायला जाणाऱ्यानं मुक्कामच असा निवडावा, की अंगणात उभं राहिलं तरी जंगल कानाशी येईल. सेमाडोह त्या दृष्टीनं फार सोयीचं. अमरावतीहून परतवाडा, तिथून घाट चढून घटांग, आणि घटांगवरून उतरत गेलं की सिपना नदीच्या काठी सेमाडोहचं वन विभागाचं पर्यटक संकुल लागतं. पुढे तोच रस्ता कोलकास, हरिसाल करत धारणीकडे जातो. दिवाळीनंतर या रस्त्यावरचा साग पानं टाकायच्या बेतात असतो, नाल्यांना अजून पाणी असतं आणि अंधार पडला की थंडी सपाट्यानं खाली येते. गेटच्या वेळा बदलत असतात, त्या परतवाड्यातच विचारून घ्याव्यात. सेमाडोहला मोबाईलची रेंज असून नसल्यासारखी. आमच्या कामाला ते पथ्यावरच पडतं, त्याचं कारण पुढे सांगतो.

आमचा गट दर हिवाळ्यात थोडाफार बदलतो, पण सर असतातच. अचलपूरच्या शाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले, आणि आता पक्ष्यांची वही त्याच शिस्तीत ठेवतात. नागपूरहून बँकेतल्या एक ताई येतात. त्यांचे कान आमच्यात सर्वांत तिखट. या खेपेला अकोल्याचा एक इंजिनिअरिंगचा पोरगाही होता. त्याच्याकडे आवाज टिपायचं यंत्र होतं, आणि फोनमध्ये आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगणारं अॅप होतं. सोबतीला गावातला एक कोरकू गाईड. त्याला आम्ही सगळेच दादा म्हणतो, सरसुद्धा.

घुबडं ऐकायची खरी वेळ मध्यरात्र नव्हे. सूर्य मावळल्यावरचा तासभर आणि पहाटेचा तासभर, यांतच सगळ्यात जास्त बोलणं होतं. संध्याकाळी ढोलीतून बाहेर पडलेलं घुबड आधी आपण इथंच असल्याचं जाहीर करतं, मग शिकारीला लागतं. हिवाळा बऱ्याच जातींचा जोड्या जमवायचा आणि घरट्याचा काळ, त्यामुळे हद्दीची भांडणंही याच दिवसांत कानावर येतात. वारा नको. वारा असला की सागाची वाळकी पानं इतकी वाजतात, की सरळ जेवून झोपावं.

पहिली हजेरी लावतो तो पिंगळा. स्वयंपाकघरामागच्या आंब्यावर त्यांचं एक बिऱ्हाड आहे. अजून उजेड असतानाच त्यांची चिरक चिरक सुरू होते, आणि एकानं तोंड उघडलं की बाकीचे गप्प बसत नाहीत. पिंगळ्याची महाराष्ट्राला ओळख करून द्यायला नको. पहाटे कंदील आणि कुडमुडं घेऊन दारी येणारा, पिंगळ्याची भाषा कळते असं सांगून घरादाराचं भविष्य बोलणारा पिंगळा आमच्या पिढीनं लहानपणी पाहिला आहे. आता माणसं येत नाहीत, पक्षी मात्र गावोगाव टिकून आहे.

मग रातवा. तो घुबड नव्हे, पण नवख्याची पहिली फसगत त्याच्यापाशीच होते. फरशीवर सोडलेली गोटी उसळत उसळत थांबते, तसा त्याचा आवाज: चुक्, चुक्, चुक्-चुक्-र्र्र्र. तो एकदा ओळखू आला की कान मोकळे होतात आणि मागचे आवाज उलगडू लागतात. दूर कुठे टिटवी, नदीपलीकडे सांबराचा एकच ‘ढाँक’. तो ऐकला की दादा मान वळवतो आणि आम्ही उगाच एकमेकांच्या जवळ सरकतो.

ताईंची एक युक्ती इथं सांगण्याजोगी आहे. दोन्ही तळहात कानांमागे द्रोणासारखे धरायचे आणि सावकाश, पाय न वाजवता, जागेवरच फिरायचं. आवाज एकदम जवळ येतो आणि दिशाही पक्की होते. आपले कान एकाच उंचीवर असल्यामुळे डावं-उजवं आपल्याला चटकन कळतं, वर-खाली तितकं कळत नाही. जमिनीवरून आलेला आवाज आणि तीस फुटांवरच्या फांदीवरून आलेला आवाज यांत आपण घोटाळा करतो. गव्हाणी घुबडाला ही अडचण नाही, कारण त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो. आवाज कोणत्या कानाला किंचित आधी पोचला, यावरून त्याला डावं-उजवं कळतं. कोणत्या कानाला जास्त जोरात आला, यावरून वर-खाली. त्याच्या चेहऱ्याची ती बदामी तबकडी म्हणजे आवाज गोळा करून कानांकडे वळवणारं पिसांचं ताट आहे. म्हणून पूर्ण काळोखातही ते पाल्याखाली चालणाऱ्या उंदरावर अचूक पडतं. पंखांच्या पिसांच्या कडेला मऊ झालर असते, त्यामुळे उडताना पंख वाजत नाहीत. उंदराला चाहूल लागत नाही हा झालर असण्याचा एक फायदा. उडता उडता घुबडाला स्वतःलाही ऐकू येत राहतं, हा दुसरा.

जेवणं झाल्यावर आम्ही नदीच्या बाजूला जाऊन उभे राहिलो, कुंपणाच्या आतच. सिपनेचा डोह खाली काळा दिसत होता. तिथून आलेला आवाज आधी छातीत जाणवला, मग ऐकू आला: खर्जातला, तीन ठोक्यांचा, मधला ठोका जरा चढा. हुमा घुबड. मासे आणि खेकड्यांवर जगणारं हे घुबड पाण्यापासून लांब जात नाही. त्याच्या पायांवर पिसं नसतात आणि तळव्यांना खरखरीत खवले असतात, म्हणजे निसटता मासा पकडीत राहतो. एका बाजूनं ठोके आले, थोड्या वेळानं वरच्या अंगाला दुसऱ्यानं उत्तर दिलं. सरांनी टॉर्चवर लाल कागद लावून वहीत वेळ लिहिली, जातीचं नाव लिहिलं आणि पुढे कंसात ‘ऐकलं’.

त्यांच्या वहीत ‘पाहिलं’ आणि ‘ऐकलं’ हे दोन वेगळे रकाने आहेत. नवख्यांना ऐकलेलं थोडं कमी प्रतीचं वाटतं. फोटो नाही म्हणजे काही मिळालंच नाही, असा चेहरा होतो. मला ते पटत नाही. रात्रीच्या घुबडाचा फोटो म्हणजे बहुतेक वेळा डोळ्यांत फ्लॅश मारून दिपवलेलं एक बिचारं पाखरू. त्याच घुबडाचा नीट ऐकलेला, वेळेसकट लिहिलेला आवाज जास्त सांगतो: इथं हद्द आहे, जोडी आहे, अमुक दिवसांत ती बोलते आहे.

दिशा पक्की करायची आमची रीतही त्या वहीतूनच आली. दोघं शंभर-सव्वाशे पावलांवर उभे राहतात. आवाज आला की दोघंही त्या दिशेला हात करतात आणि सर होकायंत्रावर दोन्ही दिशा टिपतात. सकाळी कागदावर दोन रेघा ओढल्या की जिथं त्या छेदतात तिथं घुबड होतं. वेळ लिहिल्यानं आणखी एक साधतं. कोलकासला उतरलेल्या दुसऱ्या गटाशी वेळा ताडून पाहता येतात. चार जणांनी ऐकलेलं एकच घुबड चार घुबडं होऊन यादीत शिरू नये, यासाठी घड्याळाएवढं उपयोगी दुसरं काही नाही.

रात्री उशिरा वनघुबड बोललं. ज्यानं ते कधी ऐकलं नाही त्याला आधी सांगून ठेवावं, नाहीतर तो खोलीत पळेल. चढत जाणारा, मधे थरथरून फुटणारा, हसणं की रडणं ते न कळणारा तो आवाज आहे. गावोगावच्या निम्म्या भुतांच्या गोष्टी या एका पक्ष्याच्या नावावर जमा करायला हव्यात. दादानं शांतपणे बिडी विझवली आणि म्हणाला, “बोलू द्या त्याले. त्याच्याच घरी आलो आपण.”

घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड नदीवर नेऊन घासत बसतं आणि दगड झिजेल तसा मारणाराही झिजत जातो, असं आमच्याकडे आजी सांगायची. विज्ञानाच्या शिक्षकासमोर हे बोलायची सोय नव्हती, पण सरच म्हणाले, “ही अंधश्रद्धा मी वर्गात कधी खोडली नाही. निदान पोरं दगड तरी मारत नव्हती.” सगळ्याच समजुती अशा घुबडाच्या कामी येत नाहीत. २०१० साली ट्रॅफिक इंडिया या संस्थेनं घुबडांच्या चोरट्या व्यापाराचा अहवाल प्रसिद्ध केला. भारतात नोंदलेल्या तीसपैकी पंधरा जाती त्यात बाजारात आढळल्या होत्या. दिवाळीच्या सुमारास मांत्रिकांकडून मागणी वाढते. ज्या रात्री लक्ष्मी पुजायची, त्याच रात्री तिच्या वाहनाचा बळी द्यायचा, हा हिशेब मला कधी कळलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घुबडांची शिकार आणि विक्री गुन्हा आहे, हे मात्र सरळ आहे.

मेळघाटात घुबडांसाठी येणारे बरेच जण खरं तर एका जातीसाठी येतात, आणि गंमत अशी की ती जात रात्रीची नव्हेच. रानपिंगळा दिवसा वावरतो, दिवसा शिकार करतो, थंडीत तर सकाळच्या उन्हात शेकत बसतो. रात्रभर कानांना ताण देऊन झोप न झालेल्या माणसांना पहाटे पुन्हा उठवतो तो हाच.

सकाळी गेट उघडल्यावर दादा आम्हाला विरळ सागाच्या एका उतारावर घेऊन गेला. कुठल्या, ते लिहीत नाही. “ऊन पडलं का वर येते तो,” एवढंच बोलून तो खाली बसला. ऊन आलं. आधी ऐकू आला तो एक छोटा, गोल, दोन तुकड्यांचा हुंकार: पहिला तुकडा तोकडा, दुसरा जरा ओढलेला. मग ताईंनी बोट न दाखवता, नुसत्या नजरेनं शेंडा दाखवला.

मेळघाटात हे छोटे पिंगळे तीन जातींचे आहेत आणि तिघांत गल्लत करणं अगदी सोपं. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. जंगली पिंगळ्याचं अंग वरपासून खालपर्यंत बारीक पट्ट्यांचं. आमच्यासमोर बसलेल्याचं डोकं मोठं आणि जवळजवळ बिनठिपक्यांचं होतं, छातीवर गडद तपकिरी पट्टा, त्याखाली पोट पांढरं स्वच्छ, शेपटीवर ठसठशीत रुंद पट्टे. पाय तर पांढरी लोकरी पायजमा चढवल्यासारखे नखांपर्यंत पिसांनी भरलेले. तो एकदा खाली वाकून पाहायचा, मग शेपटी डावी-उजवी झटकायचा, पुन्हा खाली. वाळक्या गवतात काहीतरी हललं, हा सरळ खाली पडला आणि सापसुरळी घेऊन वर आला. तिला फांदीवर दाबून धरून त्यानं पहिल्यांदा आमच्याकडे बघितलं. पिवळे डोळे, त्यांत भीती काडीची नाही. अकोल्याच्या पोरानं कॅमेरा खाली ठेवला होता, हे मी मुद्दाम नोंदवतो.

या पक्ष्याची हकीकत पक्षीनिरीक्षकांनी एकमेकांना काय सांगावं याच्याशीच जोडलेली आहे. एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडातून एक नमुना मिळवला आणि पुढच्या वर्षी अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं वर्णन करून ब्लेविटचं नाव जातीला दिलं. हेच ते ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत असलेले. त्यानंतर आणखी थोडे नमुने मिळाले, त्यांतले बरेचसे खानदेशातल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं शहादा-तळोदा भागात गोळा केले. त्याचा शेवटचा १८८४ चा. जगातल्या संग्रहालयांत मिळून सात कातडी, आणि पुढे शतकभर जिवंत रानपिंगळा कुणाला दिसला नाही. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनी शोधूनही नाही.

नाही म्हणायला एक नोंद मधे होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज कर्नलनं १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला आपण रानपिंगळा मारल्याचं म्हटलं होतं, नमुनाही होता. सर्वांत अलीकडची नोंद म्हणून शोधणारे ती धरून चालत. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईनं तपासला, क्ष-किरणांखाली घातला, आतला भरणा पाहिला. तो डेव्हिडसनचाच निघाला. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा शिवलेला, नवी चिठ्ठी लावलेला. कर्नलसाहेबांनी असे बरेच नमुने लांबवून स्वतःच्या नावावर खपवल्याचं नंतर उघड झालं.

ही नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट भारतात आले, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा शोधत हिंडले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या टेकड्यांत, डेव्हिडसनच्या मुलखातच, त्यांना रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी. पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळ आणि मेळघाटात त्याचे आवाज, घरटी, खाणं यांचा अभ्यास केला. आवाज हाती आल्यावर मग यावल, मध्य प्रदेशातलं खकनार, २०१४ मध्ये तर मुंबईजवळचं तानसा अभयारण्य अशा जागा सापडत गेल्या. २०१८ मध्ये त्याची नोंद जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’वरून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’वर आली. त्याच वर्षी डीएनएच्या अभ्यासातून तो आपल्या साध्या पिंगळ्याचाच सख्खा नातलग ठरला, वेगळ्या कुळातला नव्हे.

एका माणसाची खोटी चिठ्ठी मोठमोठ्यांना चुकीच्या दिशेला पाहायला लावू शकते, म्हणून सर वहीच्या बाबतीत इतके कडक आहेत. त्यांचा आणि त्या अॅपचा उभा दावा आहे. आदल्या रात्री नदीपलीकडून एक मऊ, एकाक्षरी, प्रश्न विचारल्यासारखा ‘वुट्?’ येत होता. दर काही सेकंदांनी एक. पोरानं फोन पुढे केला. अॅपनं एका स्कॉप्स घुबडाचं नाव सांगितलं, पुढच्या खेपेला दुसऱ्याचं, तिसऱ्या खेपेला काहीच नाही. दादाचं म्हणणं, बेडूक. ताईंचं म्हणणं, बेडूक इतक्या थंडीत कुठला बोलतो. सर म्हणाले, “सकाळी रेकॉर्डिंग ऐकू. नाव आत्ता नको.” पोराचा चेहरा पडला. त्याच्या यादीत ती जात नवी ठरणार होती.

रेंज नसल्याचा फायदा तो हाच. रात्री अकराला ऐकलेलं अकरा वाजून एक मिनिटानं ग्रुपवर जात नाही. सकाळपर्यंत उत्साह उतरतो, वेळा ताडून होतात आणि जे राहतं तेच पाठवलं जातं. आमच्याकडे काय सांगायचं नाही, हेही ठरलेलं आहे. जात, तालुका, महिना, आवाज की दर्शन, इतकं सगळ्यांना. घरट्याची ढोली, झाड, वाटेचं वळण, कुणालाही नाही. अगदी ओळखीच्या मोठ्या छायाचित्रकारालाही नाही. एका सुट्टीत एका झाडाखाली गाड्यांची रांग लागली, की पुढच्या वर्षी ती ढोली रिकामी असते. अभ्यासक परवानगी काढून संशोधनासाठी घुबडाचा आवाज लावतात ती गोष्ट वेगळी. पर्यटकानं फोनवर आवाज वाजवला, तर घरट्यापाशी असलेला नर नसलेल्या शत्रूच्या मागे धावत सुटतो, तेवढा वेळ मादीला खाऊ मिळत नाही. दादानं हे एका पाहुण्याला स्वतः सुनावलेलं मी ऐकलं आहे, आणि त्याचे शब्द इथं छापण्यासारखे नाहीत.

सांगण्याची दुसरी, मोकळी रीत पाहायची असेल, तर पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीला जावं. इला फाउंडेशननं २०१८ मध्ये तिथं घुबडांचा उत्सव सुरू केला. शाळेतली मुलं घुबडांची चित्रं काढतात, नाटुकली करतात, घुबड वर्षाला किती उंदीर खातं याचे हिशेब शेतकऱ्यांना सांगतात. गर्दीची गोष्ट गर्दीत सांगावी आणि ढोलीची गोष्ट वहीत ठेवावी, असा हा साधा भेद आहे.

परतताना परतवाड्याला स्टँडसमोर आलुबोंडे मागवले. रेंज आली आणि सगळ्यांचे फोन एकदम किणकिणायला लागले. कोलकासच्या गटानं हुमा घुबडाची वेळ पाठवली होती. ती आमच्या वेळेशी मिनिटाच्या फरकानं जुळली, आणि एकच जोडी एका वेळी दोन्हीकडे बोलू शकत नाही, म्हणून दोन्ही गटांच्या याद्यांतल्या जोड्या वेगळ्या धरायचं ठरलं. मग ‘वुट्’चं रेकॉर्डिंग निघालं. चार जणांनी एक एक इअरफोन आळीपाळीनं कानात घालून ते ऐकलं. धारणीच्या एका जाणकाराला पाठवलं, त्याचं उत्तर आलं: “असेल स्कॉप्स. पण मागे नाला वाहतोय, मी पैज लावणार नाही.” सरांनी ताईंकडे पाहिलं, ताईंनी मान हलवली. वहीत वेळ होतीच, जातीच्या रकान्यात त्यांनी ‘अनोळखी’ लिहिलं आणि पोराला म्हणाले, “फेब्रुवारीत पुन्हा ये. ते यंत्र आण. अॅप घरी ठेवलंस तरी चालेल.” पोरानं आणखी एक आलुबोंडा मागवला, सरांच्या खात्यावर.